वासुदेवाचे गुडघे

शासकीय रेखाकला परीक्षेत, इंटरमिजिएटला, मला बी ग्रेड मिळाली होती आणि ती मी गवताच्या जोरावर मिळवली होती. स्मरणचित्राच्या पेपरात बाजार, बसथांबा, गणपतीची मिरवणूक असले विषय यायचे, म्हणजे माणसं काढण्यावाचून सुटका नाही. आमच्या चित्रकलेच्या सरांनी वर्गात गुपित सांगून ठेवलं होतं. चेहरा जमत नसेल तर माणूस पाठमोरा काढा, हात जमत नसेल तर पिशवी द्या, आणि पाय जमत नसतील तर पुढे गवत काढा. माझ्या बसथांब्यावरचे यच्चयावत प्रवासी पाठमोरे, पिशव्या घेतलेले आणि गुडघाभर गवतात उभे होते. एसटीची वाट बघता बघता गवत वाढलं असावं, असा परीक्षकांनी उदार मनाने अर्थ लावला असेल.

पुढे मी सहकारी बँकेत चिकटलो आणि चित्रकला सुटली. पण "मामा चित्रं काढतो" ही अफवा नातेवाइकांत टिकून राहिली. ती मी कधी खोडून काढली नाही. त्याची फळं भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला गेल्यावर भोगली.

त्याच्या कॉलेजात गेम बनवायची स्पर्धा होती. कोड लिहायला तिघं तयार, पण चित्रं काढायला कोणी नाही. कल्पना मात्र झकास होती. भल्या पहाटे वासुदेव गावात शिरतो, दारोदार दान गोळा करतो, मागे कुत्री लागतात, मग गटारं ओलांडत, पत्र्यांवरून उड्या मारत त्याने उजाडायच्या आत गाव पालथं घालायचं. भाचा म्हणाला, "मामा, तू वासुदेव काढ. बाकी सगळं आम्ही बघतो." बी ग्रेडवाल्याला आणखी काय हवं? मी होकार देऊन बसलो.

चित्र मी जीव ओतून काढलं. मोरपिसांची उंच टोपी, पांढरा घेरदार अंगरखा, गळ्यात माळा, खांद्याला झोळी, कमरेला खोचलेला पावा, हातात चिपळ्या, पायात घुंगरू. बायकोसुद्धा "बरा जमलाय हो," म्हणाली, आणि आमच्या घरात याच्या वरची पावती नाही. भाच्याने चित्र लॅपटॉपवर उघडलं, मोठं करून पाहिलं आणि विचारलं, "मामा, हे सगळं एकाच लेयरवर आहे?"

"मग? माणूस एकच आहे ना."

त्याने सुस्कारा सोडला आणि मला समजावायला बसला. हातात चहा, आवाजात संयम. एटीएम कार्ड हरवलेल्या खातेदाराशी मी असाच बोलतो. ॲनिमेशनच्या जुन्या पद्धतीत हालचालीचं प्रत्येक चित्र वेगळं काढायचं. सिनेमाला सेकंदाला २४ फ्रेम लागतात. एकेक चित्र दोन-दोन फ्रेम टिकवलं तरी सेकंदाला १२ चित्रं झाली. माझ्या वेगाने वासुदेवाची पहिली फेरी व्हायला पुढची आषाढी उजाडली असती. दुसरी पद्धत बाहुलीची. अवयव सुटे काढायचे, त्यांच्या आत हाडांचा सांगाडा बसवायचा, हाड फिरवलं की चित्र फिरतं. अशा सांगाड्याला रिग म्हणायचं आणि तो बसवण्याला रिगिंग.

इथे मला मामेपणा दाखवायची संधी मिळाली. मी सांगितलं, की यात नवीन काही नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलाकार चित्रकथी, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ पिढ्यान् पिढ्या करत आले आहेत. त्यांतल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. तिकडे जर्मनीत लोटे रायनिगर या बाईंनी काळा पुठ्ठा आणि शिशाचा पातळ पत्रा कातरून, सांध्यांना तार ओवून, राजपुत्र अहमदच्या साहसांवर पूर्ण लांबीचा छायापट केला, तो १९२६ साली. डिस्नेची हिमगौरी त्यानंतर ११ वर्षांनी आली. भाचा "भारी" म्हणाला आणि त्याने माझ्या वासुदेवाचा दंड खांद्यापासून कापला.

कापलेला दंड त्याने जरा वर उचलला मात्र, बगलेत आरपार भोक पडलं. हाताच्या मागे अंगरखा असतो हे मी काढलंच नव्हतं; दिसत नव्हता तर काढणार कशाला? त्या भोकातून मागची पहाट दिसत होती. टोपी काढली तर खाली कपाळ नव्हतं. अंगरख्याचा घेर बाजूला केला तर मांड्या अधांतरी सुरू होत होत्या. जे लपवण्यात माझी सगळी कला खर्ची पडली होती, नेमकं तेच आता काढायचं होतं. वर सांध्यापाशी दोन्ही तुकड्यांची टोकं गोल हवीत, दोन्ही गोलांचा मध्य एकावर एक यायला हवा, आणि तुकडे एकमेकांवर चढलेले हवेत. नाही तर कोपर वाकवलं की तिथे खाच पडते. दंड वेगळा, हाताचा पुढचा भाग वेगळा, पंजा वेगळा. मांडी, पोटरी, पाऊल. डावं आणि उजवं वेगळं. मागचा पाय थोडा गडद रंगवायचा, म्हणजे चालताना कुठला पुढचा नि कुठला मागचा हे आपलं आपल्याला कळतं. मी हे सगळे अवयव स्क्रीनवर ओळीने मांडून बसलो होतो, तेवढ्यात बायको केर काढायला आली.

"अहो, सकाळी सकाळी काय हे! झाका ते आधी."

आता सांगाडा. यासाठी आम्ही गोडो नावाचं गेम इंजिन वापरलं. अर्जेंटिनातल्या दोघांनी लिहिलेलं हे इंजिन २०१४ पासून सगळ्यांना फुकट आणि खुलं आहे. नाव बेकेटच्या नाटकावरून ठेवलंय, ज्यात दोन माणसं गोडोची वाट बघत थांबतात आणि तो शेवटपर्यंत येत नाही. भाच्याने हे सहज सांगितलं. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

हाडांमध्ये पालक आणि अपत्य असं नातं लावावं लागतं. पालक हाड हललं की अपत्याने निमूट मागे जायचं, अपत्य हललं तर पालकाने ढिम्म राहायचं. (मराठी घरात हे हल्ली उलटं चालतं, पण संगणक अजून जुन्या वळणाचा आहे.) सगळ्यांचं मूळ कमरेत ठेवतात. तिथून कणा, कण्यातून मान आणि दंड, कमरेतून मांड्या. मी चित्र काढताना टोपीपासून सुरुवात केली होती, म्हणून हाडंही टोपीपासून लावत खाली आलो. सगळं छान बसलं. मग वासुदेवाला नमस्कार करायला लावावं म्हणून टोपीचं हाड पुढे झुकवलं, तर टोपीमागोमाग अख्खा देह मागच्या मागे वर उचलला गेला. दान घेणारा माणूस दात्याच्या दारात आडवा तरंगत होता.

ते निस्तरलं, तर आणखी एक खोड निघाली. प्रत्येक तुकडा कुठल्या बिंदूभोवती फिरणार हे ठरवून द्यावं लागतं, आणि मी काहीच न ठरवल्याने तो बिंदू तुकड्याच्या मधोमध पडला होता. चिपळ्या वाजवायला हात हलवला, तर तो खांद्यापासून निखळून छतावरच्या पंख्याच्या पात्यासारखा जागच्या जागी गरगरला.

पण खरी गंमत वेट पेंटिंगची. हात-पाय तुकड्यांत कापता येतात, अंगरख्याचा घेर कसा कापणार? कापड सलग वाकलं पाहिजे. म्हणून त्या चित्रावर त्रिकोणांची जाळी टाकतात आणि जाळीचा प्रत्येक बिंदू कुठल्या हाडाचं किती ऐकणार हे ब्रशने रंगवून सांगतात. पांढरं म्हणजे पूर्ण ऐकणार, काळं म्हणजे अजिबात नाही, मधलं राखाडी म्हणजे थोडं याचं, थोडं त्याचं. मी उजव्या मांडीचं हाड निवडून घेराची उजवी बाजू नीट रंगवली. मग फोन आला. बोलता बोलता हात चालूच राहिला, आणि निवडलेलं हाड बदललं नव्हतं, हे माझ्या गावीही नव्हतं. संध्याकाळी भाच्याला प्रगती दाखवायला म्हणून वासुदेवाचा गुडघा उचलला. गुडघा सुरेख वर आला, घेरही त्याच्यामागे हलला, आणि टोपीतलं सगळ्यात लांब मोरपीस लांबत, ताणत, चेहऱ्यावरून, माळांवरून खाली येत थेट पोटाला टेकलं. गुडघा खाली केला की पीस पुन्हा शहाण्यासारखं टोपीत. आम्ही दोघं बराच वेळ गुडघा वर-खाली करत बसलो. भाचा म्हणाला, "हे ठेवूया का?" मला मोह झाला होता, खोटं कशाला बोलू.

पायांसाठी आयके नावाची सोय असते. मांडी फिरवा, मग पोटरी फिरवा, मग पाऊल सरळ करा, असा खटाटोप न करता आपण पाऊल धरून हवं तिथे ठेवायचं. मांडी आणि पोटरीने किती वाकायचं याचा हिशेब संगणक करतो. हिशेब त्याचा बिनचूक असतो. फक्त तीच दोन हाडं आणि तेच पाऊल असेल तर गुडघा पुढे काढूनही गणित सुटतं आणि मागे काढूनही सुटतं. संगणकाने मागचं उत्तर निवडलं. वासुदेव गावात शिरला तो बगळ्याच्या गुडघ्यांनी. यावर उपाय म्हणजे एका बारक्या चौकटीत टिचकी मारायची, ज्याने वाकायची दिशा उलटते. ती चौकट सापडेपर्यंत मी पाठमोरा वासुदेव काढून मोकळं व्हावं असा गंभीर विचार करत होतो.

मग चालणं.

मी जन्मभर चालत आलोय, शिवाय डॉक्टरांनी सांगितल्यापासून रोज सकाळी मुद्दाम चालतो. त्यामुळे हे तरी आपल्याला येतं असा माझा समज होता. चालण्याच्या चार मुख्य मुद्रा असतात. पुढची टाच टेकते ती पहिली. मग अंगाचा भार पडून शरीर खाली बसतं. मग मागचा पाय उभ्या पायाजवळून पुढे जातो. मग शरीर चवड्यावर उचललं जातं. एका पावलाला १२ फ्रेम, म्हणजे सेकंदाला दोन पावलं, हा बेताचा वेग. मी चारही मुद्रा लावल्या आणि लूप सुरू केला. वासुदेव चालला खरा, पण त्याच्याकडे बघून अस्वस्थ वाटत होतं. काय चुकतंय ते बायकोने भाजी निवडता निवडता सांगितलं. "अहो, त्याचा उजवा पाय आणि उजवा हात एकदमच पुढे जातोय." शाळेच्या संचलनात मी असाच चालायचो आणि पीटीच्या सरांनी मला दर वेळी शेवटच्या रांगेत पाठवलं होतं. म्हणजे ही चूक नव्हती, आत्मचरित्र होतं.

भाच्याने सुचवलं की खऱ्या चालण्याचा व्हिडिओ काढून त्यावरून मुद्रा घ्याव्यात. यालाही मोठी परंपरा आहे. १९८९ सालच्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'साठी जॉर्डन मेकनरने आपल्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून एकेक फ्रेम गिरवली. तो राजपुत्र आजही बघावा, कठड्याला लोंबकळताना त्याचं वजन जाणवतं. मला सख्खा भाऊ नाही. म्हणून मी स्वतःच सोसायटीच्या लांब गॅलरीत पांढरा लेंगा घालून चाललो आणि बायकोने फोन धरला. डोक्यावर टोपीच्या उंचीचा अंदाज यावा म्हणून गाळणं उपडं घातलं होतं आणि हातात चिपळ्यांऐवजी दोन डाव होते. आता नीट चालायचं, असं मनात आणल्यावर पाय कुठे टाकतात ते आठवेना. टाच आधी की चवडा? हात किती हलवायचा? मी थांबलो, पुन्हा निघालो, मध्येच एक हात विसरलो. तेवढ्यात समोरच्या फ्लॅटचे काका दूध घेऊन वर आले. थबकले, माझ्याकडे पाहिलं, गाळण्याकडे पाहिलं, मग बायकोकडे वळून हळूच म्हणाले, "वहिनी, काही लागलं तर हाक मारा."

चालणं शेवटी जमलं, पण गेममध्ये टाकल्यावर भाचा म्हणाला, "मामा, हा चालत नाहीये. हा ढकलला जातोय." तर यातलं रहस्य असं. ॲनिमेशनमधला माणूस जागच्या जागी पाय हलवत असतो. त्याला पुढे सरकवतो तो कोड. पावलाची लांबी आणि सरकण्याचा वेग यांचा मेळ नसेल तर टेकलेला पाय जमिनीवरून घसरत जातो. आमचा वासुदेव शेणाने सारवलेल्या ओल्या अंगणात घसरत चालला होता. मी म्हटलं वेग कमी कर, तो म्हणाला पावलं लांब कर. तडजोड दोघांनाही न आवडणाऱ्या आकड्यावर झाली. आम्ही दोघंही त्याला टीमवर्क म्हणत होतो.

याच सुमारास मी डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली ग्रंथात मांडलेली ॲनिमेशनची बारा तत्त्वं वाचली, आणि अर्धवट ज्ञानाचा जो परिणाम व्हायचा तो झाला. त्यातलं एक तत्त्व पूर्वतयारीचं. उडी मारण्याआधी माणूस गुडघ्यात बसतो, हात मागे नेतो, मग उसळतो. ही तयारी दाखवली नाही तर उडी खोटी वाटते. मी तयारी दाखवली. वासुदेव खाली बसला, हात मागे नेले, घेर जमिनीला टेकला, पिसं पुढे झुकली, क्षणभर त्याने समोरच्या गटाराचा विचार केला, आणि मग अशी काही झेप घेतली की मला स्वतःलाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. भाच्याच्या मित्राने गेम खेळायला घेतला. कुत्रा अंगावर आला, त्याने उडीचं बटण दाबलं आणि वासुदेव खाली बसला. कुत्र्याने त्याला तिथेच गाठलं. पुन्हा बटण, पुन्हा बैठक, पुन्हा कुत्रा.

"काका, हा उडी मारायच्या आधी बसतो कशाला?"

"पूर्वतयारी."

"तोवर मरतोय ना पण."

पडद्यावरच्या माणसाला बसायला वेळ असतो, कारण त्याच्या उडीची कोणी वाट बघत नाही. खेळात बटण दाबणाऱ्या अंगठ्याला उत्तर तिथल्या तिथे हवं असतं. मग ती सगळी तयारी दोन-तीन फ्रेमांत कोंबली आणि राहिलेली हौस उतरण्यावर भागवली. जमिनीला टेकल्यावर गुडघे लचकतात, घेर जरा उशिरा खाली बसतो, पिसं त्याहून उशिरा. तिथे कोणाची घाई नसते. माझ्या मते त्या गेममधली बघण्यासारखी गोष्ट एवढीच आहे: थांबलेल्या वासुदेवाच्या डोक्यावर अजून न थांबलेली पिसं.

सगळ्यात शेवटी मित्रमंडळाने मागणी केली, की वासुदेव गिरकी घेतो ना, तर ती गिरकी म्हणजे त्याचं अस्त्र करू. गिरकी घेतली की कुत्री पळतील. कल्पना चोख, अडचण एवढीच की आमचा वासुदेव कागदाच्या जाडीचा होता. त्याला पाठच नव्हती! आयुष्यात मी काढलेला हा पहिला समोरून दिसणारा माणूस, आणि आता गरज पडली पाठीची. मी आडवी रुंदी कमी करत शून्यावर नेली आणि उलट्या बाजूने पुन्हा वाढवली. वासुदेव कड्याकड्याने बारीक होत सुतळीएवढा झाला, नाहीसा झाला आणि उलटा होऊन परत आला. या उलटण्यात डाव्या खांद्यावरची झोळी उजव्या खांद्यावर गेली, पाव्यानेही बाजू बदलली. मला वाईट वाटलं, तर भाच्याने 'स्ट्रीट फायटर २'मधला सगाट दाखवला. तो डावीकडे वळला की त्याच्या डोळ्यावरची पट्टी या डोळ्यावरून त्या डोळ्यावर जाते, आणि जगभरच्या पोरांनी त्याचा मार निमूट खाल्ला.

तिथून पुढे मला थोर माणसं दिसायला लागली. १९८१ च्या 'डाँकी काँग'मध्ये शिगेरू मियामोतोंना इवल्याशा चौकोनांत केस काढणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी मारिओला टोपी घातली. तोंड काढायला जागा नव्हती, म्हणून मिशी दिली. १९९५ च्या रेमनला तर दंड आणि मांड्याच नाहीत, नुसते पंजे आणि बूट हवेत फिरतात. आमचे चित्रकलेचे सर जपानात किंवा फ्रान्समध्ये जन्मले असते तर आज त्यांचा पुतळा असता. मी अंगरख्याचा एकच मोठा, गोल, फिरल्याच्या रेघा ओढलेला घेर काढला, गिरकीच्या चार फ्रेमांपुरता तो पुढे आणला आणि त्यात वासुदेव सगळाच्या सगळा बुडवला. वर फक्त पिसं. कोणाला काही कळलं नाही. उलट परीक्षकांनी गिरकी "फ्लुइड" असल्याचं सांगितलं.

नंबर आला नाही. पहिलं बक्षीस ज्या गेमला मिळालं त्यात नायक म्हणून एक चौकोन होता. नुसता लाल चौकोन. उडी मारताना तो लांबायचा, टेकताना चपटा व्हायचा, आणि तेवढ्यावर तो इतका लोभस दिसत होता की मीही त्याच्या बाजूने झालो. आमच्या गेमचं कौतुक झालं ते कुत्र्याचं. तो भाच्याच्या मित्राने एका रात्रीत, दोन चित्रांत उरकला होता. पाय पसरलेला कुत्रा, पाय जुळवलेला कुत्रा. संपलं.

गेल्या रविवारी भाचा पुन्हा आला. नवीन गेम, पुन्हा स्पर्धा. मी आधीच सांगून टाकलं, की आता गुडघे असलेलं काही मी काढणार नाही. कोपर नको, खांदा नको, कपडे तर नकोतच.

"मग काय काढशील?"

मी शांतपणे म्हणालो, "साप काढतो."

तो विचार करत राहिला. मग लॅपटॉप उघडत म्हणाला, "चालेल की. पण मामा, सापाला किती हाडं लावावी लागतील ते बघितलंयस का?"